‘ओळखलंत का मला?’

गेल्या उन्हाळ्यात एका मंगल परिणयास आम्ही सपत्निक गेलो होतो. त्रिशरण-पंचशील झाले, वधूवरांवर फुले पडली आणि जेवणाच्या रांगेकडे आम्ही वळतो न वळतो तोच चाळिशीतल्या एका गृहस्थाने आमचे दोन्ही हात हातात घेतले.

‘‘जयभीम काका! ओळखलंत का मला?’’

चेहरा ओळखीचा. हसताना डाव्या गालाला पडणारी खळी ओळखीची. हा मुलगा आमच्या जुन्या चाळीत वरच्या मजल्यावर राहत असे, त्यांच्या घरात खिडकीपाशी शिलाई मशीन होते, हेही आठवले. नाव मात्र येईना. अशा वेळी सगळे जे करतात तेच आम्ही केले. ‘‘अरे, ओळखणार नाही का? किती दिवसांनी!’’ असे म्हणून वेळ मारून नेली. एवढ्यावर थांबायचे, तर ‘‘वडील कसे आहेत?’’ असेही विचारून बसलो.

त्याने हात सोडले नाहीत, पण आवाज खाली आला. ‘‘काका, वडील जाऊन दोन वर्षं झाली. तुम्ही आला होतात की.’’

त्या दिवशी घास घशाखाली उतरला नाही. परतताना बसमध्ये पत्नीही काही बोलली नाही. रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलो, माठाजवळ उभे होतो आणि त्या मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव सगळे एकदम समोर येऊन उभे राहिले. आता त्याचा काय उपयोग!

साठी ओलांडलेल्या ज्या वाचकावर असा प्रसंग कधी आलाच नाही, त्याने हा लेख इथेच सोडून शेजारचे पान वाचण्यास आमची हरकत नाही. बाकीच्यांशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

नाव विसरले की ‘म्हातारा गेला कामातून’ असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. नातवंडे ‘‘आजोबा, माझं नाव काय सांगा?’’ म्हणून परीक्षा घेतात आणि घरातली मोठी माणसेही हसतात. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचे काय झाले ते ऐका. चाळीस वर्षांच्या मित्राच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ते बोलायला उभे राहिले. वक्ते चांगले, तरुणपणी सभा गाजवलेले. ‘‘आमचे परममित्र...’’ इथपर्यंत वाक्य आले आणि पुढे नावच येईना. हातात माईक, पाठीमागे पुष्पहार घातलेला फोटो, समोर दोनशे माणसे. शेवटी पुढच्या रांगेतून मित्राच्या मुलीनेच हळू आवाजात वडिलांचे नाव सांगितले. त्यांनी कशीबशी दोन वाक्ये बोलून माईक खाली ठेवला. त्या दिवसापासून गृहस्थ घराबाहेर पडेनासे झाले. रविवारचे विहार बंद, लग्नकार्य बंद, कोपऱ्यावरचा चहाही बंद. आम्ही भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, ‘‘चाळीस वर्षांच्या दोस्ताचं नाव जे तोंड विसरलं, ते चारचौघांत कशाला न्यायचं?’’

त्यांच्याशी बोलण्यापूर्वी आम्ही बरेच वाचले, एकदोन डॉक्टरांनाही विचारले. आम्हाला स्वतःलाही उत्तर हवे होते. कारण आम्ही जन्मभर नावांवरच पोट भरले. पोस्टाच्या आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, आम्ही पत्रे लावण्याचे काम केले. गाडी धावते आहे, समोर भिंतीभर कप्पे आहेत, आणि पाकिटावरचे गाव वाचताक्षणी हात नेमक्या कप्प्याकडे गेला पाहिजे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला खरा, पण पुढे कित्येक वर्षे निम्म्या पत्रांवर तो नसे. इगतपुरी, मनमाड, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ, मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव, पुलगाव, वर्धा, नागपूर ही ओळ आजही झोपेतून उठवले तरी सरळ आणि उलट म्हणू. मग इतकी गावे ज्या डोक्यात बसली, त्यात चाळीतल्या एका पोराचे नाव का बसू नये?

याचे उत्तर असे की माणसाचे नाव ही आठवणीत ठेवण्याच्या दृष्टीने फार कच्ची वस्तू आहे. इंग्रजीत ‘बेकर’ हे आडनावही आहे आणि पाव भाजणाऱ्यालाही बेकरच म्हणतात. १९८७ साली इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञांनी याच गोष्टीचा उपयोग केला. अनोळखी चेहरे दाखवून कधी ‘याचे आडनाव बेकर’ असे सांगितले, तर कधी ‘हा बेकरचे काम करतो’ असे. शब्द तोच, चेहराही तसाच. पण नंतर चेहरा दाखवून विचारले, तेव्हा आडनावापेक्षा धंदा लोकांना अधिक आठवला. कारण उघड आहे. पाव भाजणारा म्हटले की भट्टी येते, पिठाने माखलेले हात येतात, सकाळचा खरपूस वास येतो. आठवणीला धरायला दहा मुठी मिळतात. आडनाव म्हणजे नुसता आवाज, त्याला मूठ नाही.

आपल्या वस्त्यांत याचा पुरावा रोज मिळतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर धोंडू, दगडू, कचरू ही नावे मागे पडली आणि सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता, प्रज्ञा ही नावे घरोघर आली. अभिमानाचीच गोष्ट. पण आमच्या एका इमारतीत चार सिद्धार्थ आहेत! लोकांनी आपोआप रिक्षावाला सिद्धार्थ, बँकेतला सिद्धार्थ, उंच सिद्धार्थ आणि तबल्याचा सिद्धार्थ अशी वाटणी करून टाकली. नाव निसटते, रिक्षा निसटत नाही.

दुसरी गोष्ट वयाची. नाव ओठांवर येऊन अडकते, पहिले अक्षर ‘स’ असावे असे वाटते, नाव मोठे की लहान तेही कळते, पण पुढे गाडी सरकत नाही. १९९१ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की हे अडकणे वयाबरोबर वाढते आणि ते सर्वांत जास्त घडते ते ओळखीच्या माणसांच्या नावांबाबत. ‘पाणी’ हा शब्द डोक्यात शंभर धाग्यांनी बांधलेला असतो. एखाद्या माणसाचे नाव त्याच्या चेहऱ्याशी बहुधा एकाच धाग्याने बांधलेले. वय वाढले, भेट दुर्मिळ झाली, की तो धागा विरतो. नाव पुसले गेलेले नसते, वाट तेवढी बुजलेली असते. म्हणून तर रात्री दोन वाजता माठाजवळ ते आपोआप येते. आमच्या सहकाऱ्यांच्या बाबतीत तर त्या विरलेल्या धाग्यावर मित्र गेल्याचे दुःख, माईक आणि चारशे डोळे एवढे ओझे एकाच वेळी पडले होते. हे ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे मी त्याला विसरलो नव्हतो.’’ एवढे एक वाक्य त्यांच्या तोंडून यावे म्हणूनच आम्ही गेलो होतो.

तरीही आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले, आणि वाचकांनाही तेच सांगू. नुसते नाव विसरणे वेगळे आणि रोजचा व्यवहार विसरणे वेगळे. तोच प्रश्न तासाभरात पाच वेळा विचारणे, पायाखालच्या रस्त्यावर चुकणे, नोटांचा हिशेब न जमणे, चहा करताना पुढे काय टाकायचे ते न सुचणे, आणि हे सारे स्वतःला न जाणवता घरच्यांना जाणवणे, असे काही महिने चालले असेल तर ‘वय झालं’ म्हणून गप्प बसू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीवरील शंभरांमागे सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे. ही संख्या सुमारे ८८ लाख होते. पण विसरण्याची सगळीच कारणे तशी नसतात. बी-१२ जीवनसत्त्व कमी असणे, थायरॉईड मंदावणे, मनाची उदासी, झोपेच्या गोळ्या, रात्रीची अर्धवट झोप यांनीही डोके जड होते, आणि यांवर उपाय आहेत. आमच्या सहकाऱ्यांचे रक्त सरकारी दवाखान्यात तपासले, बी-१२ बरेच कमी निघाले, इंजेक्शने सुरू झाली. इंजेक्शनांनी सगळी नावे परत आली असे आम्ही म्हणणार नाही. पण थकवा गेला आणि माणूस खुर्चीतून उठला.

कानांचेही तसेच. लग्नाच्या हॉलमध्ये डीजे चालू असताना कुणी नाव सांगितले तर ते पुष्कळदा ऐकूच आलेले नसते, आणि जे आत गेलेच नाही ते बाहेर कुठून येणार? जगभरच्या तज्ज्ञांच्या समितीने २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणारी पण टाळता येण्याजोगी १४ कारणे दिली. त्यांत बहिरेपणा आहे, रक्तदाब आणि मधुमेह आहेत, शिक्षणाचा अभाव आहे आणि एकाकीपणाही आहे. म्हणजे नाव विसरण्याच्या लाजेने घरात बसून राहणे हा नाव विसरण्यापेक्षा मोठा धोका! ऐकण्याचे यंत्र लावायला आपल्या ज्येष्ठांना कमीपणा वाटतो. चष्मा लावताना तो कसा वाटत नाही, हे आम्हाला न उलगडलेले कोडे आहे.

आता प्रश्न येतो स्मरणशक्तीच्या शिक्षणाचा. ‘पंधरा दिवसांत तल्लख स्मरणशक्ती’ अशा जाहिराती, बाटल्या, गोळ्या आणि वर्ग यांचा सुळसुळाट आहे. कुणी ताईतही देतात. अशी कुठलीही बाटली पिऊन लग्नात भेटलेल्या माणसाचे नाव आठवल्याचे आमच्या पाहण्यात नाही. मात्र सरावाने काही होते का, याचा शास्त्रीय तपास झाला आहे. जुनी युक्ती जागांची. सिसेरोने लिहून ठेवलेली एक ग्रीक कथा आहे. मेजवानी चाललेल्या दालनाचे छत कोसळले आणि माणसे ओळखू येईनात अशी चिरडली गेली. थोडा वेळ आधी बाहेर गेलेल्या सायमोनिडीस या कवीला कोण कुठे बसले होते ते आठवत होते. जागेवरून त्याने एकेकाचे नाव सांगितले, आणि नातलगांना आपापली माणसे मिळाली. तेव्हापासून ओळखीच्या वाटेवर एकेक गोष्ट ठेवत जाण्याची पद्धत पडली. युरोपातील संशोधकांनी २०१७ साली तरुणांना या पद्धतीचा रोज अर्धा तास असा सहा आठवडे सराव दिला, तेव्हा ७२ शब्दांच्या यादीतील सरासरी २६ आठवणारे ६२ पर्यंत गेले.

ही वाट आमच्याकडे आयतीच होती. बाजाराची यादी आम्ही आता रेल्वेलाईनवर ठेवतो. इगतपुरीला कांदे, मनमाडला मीठ, चाळीसगावला जोंधळे. पत्नीला पहिल्यांदा खरे वाटेना. आता ती मुद्दाम नागपूरपर्यंत यादी देते. पण खरे सांगायचे तर नावांसाठी या युक्तीचा आम्हाला फारसा उपयोग झाला नाही. अमेरिकेत पासष्टीपुढच्या २,८३२ ज्येष्ठांवर मोठा प्रयोग झाला. काहींना स्मरणाचे, काहींना तर्काचे, काहींना झटपट पाहून ओळखण्याचे शिक्षण दहा-दहा बैठकांत दिले. ज्याचे शिक्षण मिळाले त्यात लोक सुधारले. इतर गोष्टींत नाही. आणि २०१४ साली दहा वर्षांनंतरचे निकाल आले तेव्हा तर्काचा व झटपट ओळखण्याचा फायदा टिकून होता, स्मरणाचा मात्र उरला नव्हता. म्हणजे स्टेशनांवर कांदे ठेवून माणसांची नावे आठवत नाहीत. नावे आठवायची असतील तर नावांचाच सराव हवा.

तो कसा, तर १९७८ साली दोन अमेरिकन संशोधकांनी नेमका नावांवरच प्रयोग केला होता. नाव ऐकल्यावर ते पुन्हापुन्हा ऐकण्यापेक्षा आपण होऊन आठवून पाहावे, आणि प्रत्येक वेळी मधले अंतर वाढवत जावे. आम्ही हेच करतो. नाव कळले की लगेच मोठ्याने उच्चारतो, ‘‘बरं का प्रज्ञाताई’’. दोन मिनिटांनी मनात विचारतो, या कोण? मग जेवताना, मग बसमध्ये, मग दुसऱ्या दिवशी दाढी करताना. सकाळी आठवले तर बहुधा आठवडाभर टिकते. न आठवले तर झगडत बसत नाही, पत्नीला विचारतो. प्राचीन भिक्खूंनी हेच मोठ्या प्रमाणावर केले होते. बुद्धवचन श्रीलंकेत ताडपत्रांवर उतरण्यापूर्वी काही शतके ते संघाने एकत्र म्हणून, पुन्हा म्हणून, एकमेकांचे ऐकून जपले. ज्या पाली ‘सति’ शब्दाचा अर्थ आज आपण जागरूकता असा करतो, त्याचा मूळ अर्थच आठवण.

नावाला मूठ लावणे हा दुसरा भाग. आम्ही नाव विचारतो, मग गाव विचारतो, मग आमच्या ओळखीचे त्या गावचे कोण ते सांगतो. आडनाव आधी विचारत नाही. ते विचारण्यामागचे हेतू आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहेत. गाव कळले की आम्हाला कप्पा सापडतो. ‘मूर्तिजापूरच्या सुजाताताई’ विसरणे आम्हाला आता अवघड आहे. घरी आल्यावर वहीत चार नावे लिहितो, पुढे कार्यक्रम आणि गाव. पुढच्या कार्यक्रमाला निघण्यापूर्वी वही चाळतो. आमचे सहकारी आता विहारात बोलायला उभे राहतात तेव्हा खिशात चिठ्ठी असते, आणि ती ते लपवत नाहीत.

तरीही नाव येत नाहीच, तर? तर विचारावे. ‘‘बाळ, चेहरा पक्का ओळखतो, तुझ्या घरचं शिलाई मशीनही आठवतं, नाव तेवढं सांग,’’ असे आम्ही त्या दिवशी म्हणालो असतो तर त्या मुलाला वाईट वाटले नसते. उलट मशीन आठवले म्हणून बरेच वाटले असते. आणि तरुण वाचकांना एक विनंती. वडीलधाऱ्यांना भेटल्यावर ‘‘ओळखलंत का?’’ ही परीक्षा घेऊ नका. ‘‘जयभीम काका, मी अमुक, तमुक यांचा मुलगा,’’ एवढे सांगायला दोन श्वास पुरतात. आपल्या माणसाला ओशाळलेले पाहण्यात कोणती गंमत आहे?

एक गोष्ट मात्र आम्हाला फार उशिरा कळली. आपल्याकडे आपण माणसांना नावाने हाक मारतच नाही. मामा, आत्या, मावशी, गुरुजी, वहिनी. बायकांच्या बाबतीत तर ‘अमक्याची आई’ म्हटले की संपले. शेजारच्या एका आजींना दवाखान्यात नेले तेव्हा केसपेपरवर नाव काय लिहायचे, हे त्यांना तीस वर्षे ‘आजी’ म्हणणाऱ्या आम्हा सगळ्यांपैकी एकालाही सांगता आले नाही. जे नाव कुणी उच्चारतच नाही, त्याचा धागा टिकणार कसा?

म्हणून गेल्या महिन्यात आम्ही घरातला एक जुना फोटो काढला. वस्तीतल्या महिला मंडळाचा, काळापांढरा. तेरा बायका, काहींच्या कडेवर मुले. त्यातल्या एका कडेवरच्या मुलाला आज नातवंडे आहेत. आमच्या मावशी त्या तेरांपैकी एक. वय आता ८६. फोटो त्यांच्या हातात दिला आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेलो. ‘‘ही अमक्याची आई.’’ ‘‘मावशी, तिचं स्वतःचं नाव?’’ मावशी थांबायच्या, डोळे मिटायच्या, मग त्या बाईचे माहेर आठवायच्या, नळावरचे भांडण आठवायच्या, आणि त्या भांडणात कुणीतरी मारलेल्या हाकेतून नाव बाहेर यायचे. दोन तासांत नऊ नावे झाली. शाई पुढच्या बाजूला उमटू नये म्हणून आम्ही मऊ शिसपेन्सिलीने, जोर न देता, फोटोच्या पाठीमागे लिहीत होतो. चार राहिली. मावशी दमल्या, आम्ही उठलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांच्या सुनेचा फोन आला. मावशींना भाकरी थापताना मागच्या रांगेतल्या डावीकडून दुसरीचे नाव आठवले होते, आणि त्यांनी पिठाच्या हातांनीच फोन मागून घेतला होता. आम्ही पेन्सिल शोधेपर्यंत त्या पलीकडून तेच नाव पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या.

अजून तीन बाकी आहेत. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहोत.